मोठेबाबा, क्लॅरोनेट आणि माझं टींव-टींव

बडनेऱ्यात सिंथेसायझर हा शब्द कोणी वापरत नाही. इथे सगळ्याला 'कॅसिओ' म्हणतात. यामाहाचा असो, रोलँडचा असो, कॉर्गचा असो... पांढऱ्या-काळ्या पट्ट्या आणि मागे वायर दिसली की तो कॅसिओ. (जसं सगळं वनस्पती तूप डालडा आणि सगळी कॉपी झेरॉक्स.) त्यामुळे माझ्या टेबलावर जो प्रकार आहे त्याला काय म्हणावं हा आमच्या घरात एक मोठाच प्रश्न आहे. कारण त्याला पट्ट्याच नाहीत. बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे, त्याला वरून भोकं पाडून बसवलेली आठ-दहा बटनं आहेत आणि बाजूने वायरी लोंबतात. बायको त्याला 'टींव-टींव' म्हणते. तेच नाव आता रूढ झालंय.

डब्यात काय आहे ते सांगतो, फार गहन नाही. सीडी ४०१०६ नावाची एक स्वस्तातली आयसी मिळते. तिच्या पोटात सहा श्मिट ट्रिगर असतात. प्रत्येकाला एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावला की तो आपोआप चालू-बंद, चालू-बंद करत सुटतो. सेकंदाला दोन-चारशे वेळा तसं झालं की आपल्याला तो सूर म्हणून ऐकू येतो. म्हणजे एका आयसीत सहा सूर. रेझिस्टरच्या जागी फिरवायचं बटन लावलं की सूर हवा तिथे नेता येतो. जगभरचे हौशी लोक सिंथेसायझर बनवायला शिकतात ते बहुतेक याच आयसीपासून.

आणि ज्यांच्याकडे पैसा आहे ते मॉड्युलर घेतात. मॉड्युलर म्हणजे अख्खं वाद्य विकत न घेता त्याचे तुकडे वेगवेगळे घ्यायचे. एक तुकडा फक्त कच्चा आवाज काढतो, भुंग्यासारखा. दुसरा चाळणीचं काम करतो, त्यातली वरची किणकिण गाळून आवाज मऊ करतो. तिसरा ठरवतो की आवाज एकदम उमटावा की हळूहळू, आणि संपताना तुटावा की विरावा. पेटीचा सूर आणि सतारीचा सूर यात निम्मा फरक असतो तो या उमटण्या-विरण्याचाच. हे सगळे तुकडे वायरींनी एकमेकांना जोडायचे. जोडणी बदलली की वाद्य बदललं. रॉबर्ट मूग यांनी अमेरिकेत १९६४ साली असं यंत्र बनवलं तेव्हा ते कपाटाएवढं असायचं. आता जर्मनीच्या डीटर डोपफर यांनी नव्वदच्या दशकात आणलेल्या युरोरॅक मापाचे तुकडे जगभर चालतात, टेबलावर मावतात. पण किमती विचारू नका. एका तुकड्याच्या पैशात आमच्याकडे चांगला कूलर येतो. म्हणून मी लॅपटॉपवर व्हीसीव्ही रॅक वापरतो. २०१७ साली आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात चित्रातले तुकडे चित्रातल्या वायरींनी जोडायचे. उरलेली हौस पत्र्याच्या डब्यावर.

या हौशी लोकांची एक जमात आहे, जुन्या बुलेटवाल्यांसारखी. बुलेटवाला जसा गाडी चालवण्यापेक्षा तिचं कार्ब्युरेटर उघडून जास्त खूश असतो तसेच हे. चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्र मिळवायचं, त्याचे कपॅसिटर बदलायचे, बटनांत स्प्रे मारायचा, आणि शेवटी रात्री दोन वाजता 'ढुंSSS' असा एक आवाज काढून अंगावर काटा आणून घ्यायचा. गाणं? गाणं पुढच्या रविवारी. मी स्वतः या जमातीतला आहे म्हणून बोलतोय. गेल्या तीन वर्षांत मी पूर्ण म्हणावी अशी एकही रचना केलेली नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही.

मोठेबाबांना मात्र वाटतं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वय ऐंशीच्या पुढे. या घरात खरा वाजवणारा माणूस एकच झाला, तो म्हणजे ते. पंचवीसेक वर्षं त्यांनी बॅन्डमध्ये क्लॅरोनेट वाजवलं. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. तुळशीचं लग्न लागलं की घरी नसायचेच. अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, चांदूर, पार धामणगावापर्यंत वराती. अठरा माणसांचा ताफा होता तो. दोन क्लॅरोनेट, ट्रम्पेट, युफोनियम, ढोल, साइड ड्रम आणि पुढे खुळखुळा वाजवत चालणारा एक मुलगा.

मग कॅसिओ आला. १९९०च्या दशकात कधीतरी, आमच्याकडे जरा उशिराच. एक हातगाडा, त्यावर जनरेटर, चार कर्णे आणि कॅसिओ घेऊन बसलेला एक पोरगा. एका हाताने चाल, दुसऱ्या हाताने बटन दाबलं की ठेका आपोआप सुरू. पहिल्या वर्षी मालकाने गाडा ताफ्याच्या मागे ठेवला, दुसऱ्या वर्षी मध्ये घेतला. तिसऱ्या वर्षी ताफ्यात सहा माणसं उरली आणि मोठेबाबा त्या सहांत नव्हते. पुढची वर्षं त्यांनी एका धान्याच्या अडतीवर वह्या लिहिल्या. याबद्दल मी त्यांच्या तोंडून आयुष्यात एकच वाक्य ऐकलं आहे. "एका पोट्ट्याच्या दहा बोटाईनं अठरा माणसाईच्या पोटावर पाय देल्ला." बस. त्यानंतर क्लॅरोनेट ट्रंकेत गेलं.

आता अशा माणसाच्या पुतण्याने सिंथेसायझरची हौस लावून घ्यावी म्हणजे काय! ते कधी रागावले नाहीत. फक्त माझ्या खोलीत यायचे बंद झाले. जेवायला हाक मारायची तर दारातून.

याचा विचार करता करता मी वाचायला लागलो तेव्हा कळलं की बडनेऱ्याचं भांडण मुंबईत आधीच होऊन गेलं होतं. केर्सी लॉर्ड हे नाव फार लोकांना माहीत नसतं, काम मात्र सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पारशी घर, वडील कावस लॉर्ड तालवाद्यं वाजवणारे, भाऊ बर्जोर ड्रमवर, आणि केर्सी अॅकॉर्डियनपासून ग्लॉकेनस्पीलपर्यंत जे हातात येईल ते. 'आराधना' मधलं ते आगीपुढचं गाणं आठवा, त्यातलं अॅकॉर्डियन त्यांचं. सत्तरच्या दशकात त्यांनी मिनीमूग आणला आणि स्टुडिओतल्या वादकांमध्ये खळबळ माजली, की एका माणसाच्या हातात इतके आवाज आले तर आम्ही काय करायचं? ग्रेगरी बूथ या संगीत-अभ्यासकाने या सगळ्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिलं. मोठ्या ताफ्यांचा काळ नव्वदच्या दशकात कसा संपला ते त्यात आहे. वाचताना मला सारखा लाल कोट दिसत होता.

पण मला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मिनीमूग एका वेळी एकच सूर वाजवतो. एकच! दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच. तो बिचारा अठरा माणसांची जागा काय घेणार? जागा घेतली ती पुढे आलेल्या, तयार आवाज आणि तयार ठेके पोटात घेऊन येणाऱ्या डिजिटल कीबोर्डांनी. आणि आमच्याकडे तर त्याहूनही जास्त कर्ण्यांनी. जनरेटरवर चालणाऱ्या चार कर्ण्यांपुढे फुंकून वाजवणारा माणूस ऐकूच येत नाही, मग तो कितीही चांगला असो. वरातीला मोठा आवाज हवा होता, तो स्वस्तात मिळाला. कॅसिओ निमित्त. आता तर नागपूरकडच्या धुमाल पार्ट्यांनी पॅड आणि कीबोर्ड घेऊन त्या हातगाडीवाल्या पोराचीही सद्दी संपवली. तोही कुठेतरी वह्या लिहीत असेल.

याच मुंबईत चरणजित सिंग होते. सिनेमाच्या ताफ्यांत बास गिटार वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी एक रेकॉर्ड काढली, एच.एम.व्ही.ने छापली. नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग आणि साथीला तबला नाही, यंत्र. तीन यंत्रं, तिन्ही रोलँडची. ठेक्याला टीआर-८०८, चालीला ज्युपिटर-८ आणि खर्जाला टीबी-३०३. हे टीबी-३०३ मोठं मजेशीर प्रकरण आहे. ज्या गिटारवाल्याला बास वाजवणारा साथीदार मिळत नाही त्याच्यासाठी ते बनवलं होतं. आवाज बास गिटारसारखा मुळीच नव्हता, कोणी घेईना, १९८४ पर्यंत कंपनीने बंद करून टाकलं. आणि आमच्या मुंबईत ते घेतलं कोणी, तर एका बास वाजवणाऱ्याने! स्वतःला बाजूला सारण्यासाठी बनवलेलं यंत्र घेऊन त्याने त्यावर राग वाजवले. त्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. गोऱ्या लोकांसाठी ती 'स्लाइड', आपल्या कानाला मींड वाटते.

रेकॉर्ड चालली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्युचर' नावाच्या पोरांनी तेच भंगारात गेलेलं ३०३ घेऊन 'अॅसिड ट्रॅक्स' केलं आणि अॅसिड हाउस नावाचा प्रकार जगभर पसरला. २०१० साली एका डच माणसाच्या छोट्या कंपनीने चरणजित सिंगांची रेकॉर्ड पुन्हा काढली तेव्हा युरोपात लोकांना खरंच वाटेना. कोणीतरी आत्ता बनवून जुन्या तारखेने खपवतंय म्हणाले. मग सत्तरीतल्या या माणसाला तिकडे बोलावणी आली, ते तीच यंत्रं घेऊन वाजवून आले. २०१५ मध्ये ते गेले. मला त्या रेकॉर्डीतला मेघ मल्हार सगळ्यात आवडतो. रागदारीच्या दृष्टीने ती रेकॉर्ड फार मोठी आहे असं मी म्हणणार नाही. आलाप नाही, बढत नाही. पण कुठेही चेष्टा नाही, हे महत्त्वाचं.

आणि याच्याही आधी अहमदाबाद. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी मूगचा मॉड्युलर बसवून दिला. त्यावर गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर वगैरे मंडळींनी टेपा भरल्या. गीताबाई पखवाज वाजवणाऱ्या. टेपा पन्नास वर्षं कपाटात पडून होत्या. पॉल पर्गस नावाच्या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांची रेकॉर्ड निघाली. मी ऐकली. त्यातलं बरंचसं 'टींव-टींव'च आहे. बायकोला ऐकवून माझी बाजू भक्कम करायचा प्रयत्न केला, उपयोग झाला नाही. :)

असो. गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगायची आहे.

वऱ्हाडचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. पंचेचाळीस अंश, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. ट्रान्झिस्टरचं आणि उष्म्याचं जुनं वैर आहे. व्होल्टेजच्या हिशेबाने सूर द्यायचं काम ज्या ट्रान्झिस्टरकडे असतं त्याचं गणितच तापमानावर अवलंबून असतं. म्हणून जुना मिनीमूग चालू केला की अर्धा तास तसाच तापू द्यायचे आणि मग सुरात लावायचे. काही यंत्रांत तर त्या ट्रान्झिस्टरला आतूनच ठराविक उष्णतेवर तापवून ठेवायची युक्ती केलेली असे. माझ्या डब्यात असलं काही नाही. सकाळी लावलेला षड्ज दुपारी जागेवर राहत नाही. त्यात लाइट गेली, डबा नऊ व्होल्टच्या बॅटरीवर, बॅटरी उतरलेली. मी खिडकीशी बसून दोन सूर धरायचा प्रयत्न करत होतो. एक षड्ज आणि वर गंधार. लाइट नसल्यामुळे कूलर बंद, घर शांत, तिकडे जंक्शनवरून एखाद्या मालगाडीचा भोंगा तेवढा मध्ये येई.

मोठेबाबा दारात. किती वेळ उभे होते माहीत नाही.

"तुया गंधार चढेल हाये."

मी म्हटलं, नाही मोठेबाबा, मी ट्यूनर लावून मिळवलाय, मोबाइलवर बरोबर दाखवतोय. ते आत आले, चष्मा वर केला आणि विचारलं, "फिरवाचं कोनतं?" मी बटन दाखवलं. त्यांनी दोन बोटांनी ते धरलं आणि केसाएवढं मागे आणलं. अजून थोडं. मग थांबले. दोन्ही सुरांमध्ये मघापासून जी थरथर चालली होती ती मंद होत होत थांबली आणि दोन सूर एकमेकांत बसले. अक्षरशः बसले. मोबाइल मात्र दाखवत होता, गंधार उतरलेला आहे.

दोघांचंही बरोबर होतं. मोबाइलचा ट्यूनर पेटीचा, म्हणजे कॅसिओचा गंधार जाणतो. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की जो येतो तो. मोठेबाबांच्या कानात तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार आहे, खर्जाची तार छेडली की आपोआप ऐकू येतो तो. तो पेटीच्या गंधारापेक्षा थोडा खाली असतो. सिंथेसायझरच्या भाषेत, जिथे एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, हा फरक साधारण ११ मिलिव्होल्टचा भरतो. याच कारणाने पेटीला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत लांब ठेवलं होतं. आणि गंमत पाहा, कॅसिओच्या पट्टीला हे ११ मिलिव्होल्ट देता येत नाहीत, क्लॅरोनेटवाला ओठांनी देतो आणि माझ्या पत्र्याच्या डब्याचं बटन देतं. निदान या बाबतीत डबा मोठेबाबांच्या बाजूचा आहे, कॅसिओच्या नाही. हे मी त्यांना सांगितलं. ते "हूं" म्हणाले.

मग बसले. पहिल्यांदाच त्या खोलीत बसले. लाइट यायला दीड तास लागला. मी त्यांना चाळणीचं बटन दाखवलं, तर म्हणाले, "हे तं तोंड उघडनं झालं. आ, ऊ." अगदी बरोबर, तेच आहे ते. पुस्तकात मी ते चार पानांत वाचलं होतं.

मला कित्येक दिवसांपासून त्यांना एक विचारायचं होतं. वरातीतलं सगळ्यात हुकमी वाजवणं म्हणजे नागीण. नवरदेवाचे मित्र रुमाल तोंडात धरून रस्त्यावर लोळणार आणि क्लॅरोनेटवाला त्यांच्यावर वाकून बीन वाजवणार. मोठेबाबांची नागीण प्रसिद्ध होती, लोक वरात थांबवून वाजवायला लावत. पण १९५४च्या 'नागिन' सिनेमातली ती बीन मुळात बीन नव्हतीच. हेमंतकुमारांचं संगीत, आणि ती बीन कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली, जोडीला रवी यांची पेटी. क्लॅव्हायोलिन म्हणजे सिंथेसायझरचा आजा. म्हणजे पंचवीस वर्षं मोठेबाबा जी नागीण क्लॅरोनेटवर वाजवत होते ती एका यंत्राची नक्कल होती, आणि मग दुसरं यंत्र आलं आणि तीच नागीण वाजवून त्यांना घरी बसवलं. हे सांगावं की नाही, मी बरेच महिने घोळवत होतो. त्या दिवशी सांगून टाकलं.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले वाटेच. बीनीले येवढा दम नसते." आणि थोड्या वेळाने, "पन वाजोली तं माणसानंच नं? बटन दाबून तं नाही सोडलं?"

नाही, हाताने वाजवली.

"मंग."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक काढायला लावली. क्लॅरोनेटला काही झालेलं नाही, सांध्याचा बुच तेवढा वाळून तडकला आहे. पत्ती मात्र गेली. होत्या त्या चारही पत्त्या पिवळ्या पडून चिरल्यात. माझ्या डोक्यात असं आहे की क्लॅरोनेटपुढे माइक लावायचा, त्यांच्या फुंकेच्या जोराचं व्होल्टेज करायचं आणि ते व्होल्टेज चाळणीला द्यायचं. म्हणजे ते जोरात फुंकतील तसा माझा भुंगा तोंड उघडेल. लॅपटॉपवर जोडणी करून ठेवली आहे, तोंडाने शिट्टी वाजवून तपासली, चालते. मोठेबाबांचं म्हणणं, आधी पत्ती आण, मग पाहू. दम पुरतो का तेही पाहावं लागेल. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले थोडं थोडं वाजवायला हरकत नाही.

अमरावतीत दोन दुकानांत विचारून आलो. एकाकडे पेटी, तबला आणि गिटार आहे. दुसऱ्याने तर विचारलं, "क्लॅरोनेट? कॅसिओ दाखवू का?" बी-फ्लॅट क्लॅरोनेटची पत्ती, अडीच नंबरची, नागपूर-अकोल्याकडे कुठे मिळत असेल आणि कोणाला माहीत असेल तर कृपया कळवा. घाई आहे.